आधी पाण्याचे तोंड शोधा: खाडीकाठची पाणथळ जागा राखू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

आमच्या वसाहतीच्या मागच्या भिंतीपलीकडे खाडीच्या भरतीवर भरणारी एक पाणथळ जागा आहे. तिथे रात्रीचे डंपर येऊन राडारोडा टाकू लागले, तेव्हा मी आयुष्यातला पहिला तक्रार अर्ज लिहिला आणि जागेचा पत्ता म्हणून त्यात ‘आमच्या सोसायटीमागील तळे’ एवढेच लिहिले. दोन महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले, की जागेचा बोध होत नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. तोवर भराव भिंतीपासून साठ पावले आत सरकला होता. पुढच्या वर्षांत अर्ज, अपिले, पाहण्या आणि सुनावण्या यांतून जे शिकावे लागले, ते इथे क्रमाने मांडले आहे. ठाणे खाडी, नवी मुंबई, पनवेल आणि उरण या पट्ट्यात राहणाऱ्यांना ते जसेच्या तसे उपयोगी पडेल. पुणे किंवा नाशिकसारख्या ठिकाणच्या गोड्या पाण्याच्या तलावांना भरतीचा आणि किनारी नियमांचा भाग लागू होत नाही, बाकीचा क्रम मात्र तोच राहतो.

१. जागा भरतीला आणि ओहोटीला, दोन्ही वेळा पाहा

खाडीकाठची पाणथळ जागा दिवसातून दोनदा रूप बदलते आणि तिच्यावरील बहुतेक वाद या एका गोष्टीतून उभे राहतात. ओहोटीला तिथे चिखल, सुकलेली शेवाळाची पापुद्री आणि क्रिकेट खेळणारी मुले दिसतात; सहा तासांनी त्याच चिखलावर वीतभर पाणी आणि त्यात उभे असलेले शेकाटे, म्हणजे लांब पायांचे पाणपक्षी, दिसतात. तुम्ही एकाच वेळचे छायाचित्र दिलेत, तर समोरचा माणूस दुसऱ्या वेळचे दाखवून ही पडीक जमीन असल्याचे सांगतो.

भरतीची वेळ काढण्याची कोळ्यांची जुनी रीत सोपी आहे. तिथीचा आकडा पाऊणपट केला, की पूर्ण भरतीची वेळ अदमासे मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्येला किंवा पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. खाडीत जितके आत जाल तितका उशीर धरावा आणि नोंदीत लिहिण्यापूर्वी वेळ छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि पाणी दूरवर चढते. अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि पाणी जेमतेम हलते.

हे ठाऊक नसल्याने मी मोठी चूक केली. महिनाभर पाठपुरावा करून मिळवलेली स्थळपाहणी अष्टमीला दुपारी बारा वाजता ठरली आणि मी आनंदाने होकार दिला. भांगाची भरती, खाडीचे पाणी तळ्यात आणणाऱ्या आमच्या रस्त्याखालच्या नळाच्या तोंडापर्यंत पोहोचत नाही, त्यातही ऐन ओहोटीची वेळ; त्यामुळे अहवालात ‘जागा कोरडी आढळली’ असे लिहिले गेले आणि ते खोटे नव्हते. पाहणीची तारीख तुम्हीच सुचवा आणि ती उधाणाच्या दिवसाची सुचवा. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती ऐन दुपारी, म्हणजे कचेरीच्या वेळेतच येते, हा निसर्गाने केलेला उपकार समजावा.

भरतीचे महत्त्व पक्ष्यांकडून पाहिले म्हणजे अधिक कळते. डिसेंबरपासून मेपर्यंत ठाणे खाडीत उतरणारे रोहित (फ्लेमिंगो) ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलपट्ट्यावर चरतात. भरतीने तो पट्टा बुडाला, की त्यांना पाय टेकतील एवढ्याच खोलीचे शांत पाणी विश्रांतीसाठी लागते आणि ते त्यांना काठावरच्या अशा पाणथळ जागांत मिळते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. पण भरतीच्या वेळी पक्षी ज्या तळ्यांवर येऊन बसतात, त्यांतील अनेक या सीमेबाहेर आहेत. वन्यजीवांचा मार्ग म्हटला की जंगलातला हिरवा पट्टा डोळ्यांसमोर येतो. इथे तो मार्ग चिखलपट्टा आणि तळे यांच्यामधल्या हवेतला आहे, आणि कोल्ह्यासाठी तो तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, सलग रांगेतून जातो. एक टोक बुजवले, तर दुसऱ्या टोकाचे अभयारण्य अर्धा दिवसच कामाचे राहते.

२. पाणी कुठून येते ते शोधा

संपूर्ण लेखातून एकच पायरी करणार असाल, तर ही करा. पाणथळ जागा भरावाने मरते त्याहून अधिक वेळा ती पाण्याची वाट बंद झाल्याने मरते, आणि ते मरण कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. रस्ता रुंद होतो, बांध उंचावतो, रस्त्याखालची मोरी गाळाने भरते. डंपर एकही येत नाही आणि तरी दोन वर्षांत तळे संपते. आत अडकलेले पाणी उन्हाने आटून खारट होत जाते, पावसाळ्यात ते जवळपास गोडे होते, मग पाणकणीस माजते, निवटी आणि कोळंबी नाहीशी होतात, पाणी हलत नसल्याने डास वाढतात आणि शेवटी आजूबाजूचे रहिवासीच हे डबके बुजवून टाका असा अर्ज करतात. भरावाची परवानगी मागणाऱ्याला त्यानंतर काही करावेच लागत नाही.

मला हे शिकवले ते तिथे पाग (फेकायचे जाळे) टाकायला येणाऱ्या एका वयस्क आगरी काकांनी. मी दुर्बीण घेऊन पक्षी मोजत होते. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, “ताई, पक्षी मग बघा, आधी पाणी कुठून येतंय ते बघा.” पौर्णिमेच्या दुपारी त्यांनी मला रस्त्याच्या खाडीकडील बाजूस नेले. तिथे सिमेंटचे तीन नळ होते. भरतीचे पाणी नळांच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी तिन्हींत सुक्या गवताची एकेक मूठ सोडली आणि आम्ही रस्ता ओलांडून तळ्याच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. पहिल्या नळातून गवत लगेच बाहेर आले. दुसऱ्यातून चार-पाच काड्या आल्या, त्याही बऱ्याच वेळाने. तिसऱ्यातून काहीच आले नाही. सहा महिन्यांचा पत्रव्यवहार मला जे सांगू शकला नव्हता, ते त्या अर्ध्या तासात कळले.

तुमच्याकडे नळ असतील, मोरी असेल किंवा जुन्या खारबांधातली उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार, असेल. तोंड सापडले, की पुढील नोंदी वहीत करा: तोंडे किती, प्रत्येकाची रुंदी किती, त्यात गाळ किती, झडप असल्यास ती हलते की गंजून बसली आहे. नंतर वीत-वीत अंतरावर रंगाने खुणा केलेला एक बांबू तळ्यात पक्का रोवा आणि उधाणाच्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी लिहा. असा बांबू सहा महिने राखला, तर पाणी कमी होत आहे हे तुम्हाला विशेषणांशिवाय सांगता येते. पावसाळ्यातल्या नोंदी वेगळ्या ठेवा, कारण त्या वेळी भरतीचे पाणी कोणते आणि पावसाचे कोणते हे वेगळे काढता येत नाही.

नळ स्वतः साफ करायला मात्र उतरू नका. आत कोंडलेला वायू, साप आणि अचानक चढणारी भरती हे धोके खरे आहेत, आणि शिवाय सार्वजनिक बांधकामात हात घातल्याचा ठपका उलट तुमच्यावरच येऊ शकतो.

३. जागेचे कागद जमवा

प्रथम सर्व्हे किंवा गट क्रमांक काढा. राज्य शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावरून ७/१२ आणि महाभूनकाशावरून गावनकाशा मिळतो. नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक पाहावे लागते. जागा अनेकदा दोन-तीन गटांत विभागलेली असते, त्यामुळे सगळे क्रमांक लिहून घ्या. उताऱ्यावर खाजण (भरतीच्या पाण्याखाली येणारी जमीन), मिठागर किंवा पोटखराबा (लागवडीस अयोग्य भाग) अशी नोंद असेल, तर तिची प्रत अवश्य काढा. नंतर विकास आराखड्यात त्या भूखंडाचा वापर काय दाखवला आहे ते पाहा, आणि किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात भरतीरेषा कुठून जाते ते पाहा. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रे पाहता येतात. प्रत्येक चित्रावर तारीख असते आणि सुनावणीत तिचा उपयोग होतो.

कायद्याचे तीन थर आहेत. कोणता थर आपल्या जागेला लागतो हे न पाहता तिन्ही एकत्र लिहिण्याचा मोह आवरावा, कारण त्यातला एक चुकला तर समोरचा त्याच्यावरच बोट ठेवून अर्ज फेटाळतो.

पहिला थर कांदळवनाचा, म्हणजे खारफुटीच्या जंगलाचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार, जमिनीची मालकी कोणाचीही असली तरी कांदळवन तोडता येत नाही आणि त्याच्या भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात भराव व बांधकाम करता येत नाही. तुमच्या जागेच्या काठावर तिवर किंवा चिपी ही खारफुटीची झाडे असतील, तर हा सर्वांत मजबूत आधार होय. दुसरा थर किनारी नियमन क्षेत्राचा. भरतीचे पाणी जिथे पोहोचते त्या जागांना तो लागू होतो, आणि दुसऱ्या पायरीतल्या नोंदी इथे पुन्हा कामी येतात. तिसरा थर पाणथळ जागांचा. केंद्राचे पाणथळ जागा नियम २०१७ चे असून ते रामसर स्थळांना आणि शासनाने अधिसूचित केलेल्या जागांना लागू होतात. वन, वन्यजीव आणि किनारी कायद्यांखाली आधीच येणाऱ्या जागा त्यांतून वगळल्या आहेत. तथापि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, उपग्रह नकाशांतून नोंदलेल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना, त्या अधिसूचित झालेल्या नसल्या तरी, २०१० च्या नियमांतील नियम ४ च्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यावे असे सांगितले. म्हणून अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने तयार केलेल्या पाणथळ नकाशासंग्रहात तुमची जागा आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते. सव्वादोन हेक्टर म्हणजे सुमारे साडेपाच एकर.

दोन उत्तरे तुम्हाला हमखास ऐकावी लागतील. ‘ही जागा अधिसूचित नाही’ या उत्तराला वरील आदेश दाखवावा. ‘हे मिठागर आहे, मानवनिर्मित आहे’ हे उत्तर जास्त अवघड आहे, कारण मीठ उत्पादनासाठीच बांधलेल्या रचना २०१७ च्या नियमांच्या व्याख्येतून खरोखर वगळल्या आहेत. अशा वेळी पाणथळ नियमांवरून वाद घालत बसण्यापेक्षा कांदळवन आणि भरतीरेषा यांवर भर द्यावा. हा सल्ला मला एका वकिलांनी दिला, तोही दीड वर्ष वाया गेल्यावर.

४. पक्ष्यांच्या नोंदी नेमाने ठेवा

महिन्यातून दोन ठरावीक दिवस, ठरावीक जागेवरून, ठरावीक वेळ मोजा आणि नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, म्हणजे तिला तारीख आणि स्थान आपोआप मिळते. थवा मोठा असेल तर त्यातले दहा किंवा पन्नास पक्षी नीट मोजून, तेवढा गट संपूर्ण थव्यात किती वेळा बसतो ते पाहावे. आकडा फुगवू नका. एका अर्जात ‘हजारो’ आणि त्याच दिवशीच्या नोंदीत १८० असे असेल, तर पुढे तुमचे खरेही कोणी मानत नाही. रोहित नसतील तेव्हाच्या नोंदीही ठेवा. चित्रबलाक, चमचे, वंचक आणि खंड्या या पक्ष्यांकडे कॅमेरे वळत नाहीत, पण जागा वर्षभर जिवंत आहे हे तेच दाखवतात. दर वर्षी जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत आपली जागा सामील करून घ्या. घरटी आणि कोल्ह्यांची बिळे यांचे नेमके स्थान कोणत्याही समाजमाध्यमावर टाकू नका, आणि पक्ष्यांच्या थव्यावर ड्रोन उडवू देऊ नका.

५. तक्रार योग्य जागी आणि पुराव्यासह करा

अर्जासोबत लागणारी कागदपत्रे अशी:

- सर्व गट किंवा सर्व्हे क्रमांक, गाव, तालुका आणि अक्षांश-रेखांश
- ७/१२ किंवा मालमत्ता पत्रक आणि गावनकाशाची प्रत
- भरती व ओहोटी या दोन्ही वेळची, एकाच ठिकाणाहून काढलेली, तारीख-वेळ-स्थान छापलेली छायाचित्रे
- किमान तीन वेगवेगळ्या वर्षांची उपग्रहचित्रे
- पाण्याच्या तोंडांची यादी आणि बांबूवरील पातळीच्या नोंदी
- पक्ष्यांच्या नोंदींचा एक पानी गोषवारा
- डंपरचे क्रमांक, वेळ आणि आल्या-गेल्याची दिशा, उपलब्ध असल्यास

कांदळवनाची तोड किंवा त्यावरील भराव असेल, तर अर्ज वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि तहसीलदारांकडे करावा. पाणथळ जागेचा प्रश्न असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील पाणथळ तक्रार निवारण समितीकडे करावा. किनारी नियमांचा भंग असेल तर महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाला लिहावे. राडारोडा टाकणे चालू असतानाच ११२ वर कळवावे आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयालाही सांगावे. डंपरच्या आडवे उभे राहू नये. रात्री एकट्याने छायाचित्रे काढायला जाऊ नये. आमच्यातल्या एका तरुणाचा मोबाईल हिसकावून खाडीत फेकला गेला, तेव्हापासून आम्ही गच्चीवरूनच चित्रण करतो.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या. पाहणी झाल्यावर पंचनाम्याची प्रत तेथेच मागा आणि त्यावर सही करण्यापूर्वी तो संपूर्ण वाचा. ‘पाणी आढळले नाही’ असे लिहिले असेल, तर त्याखाली भरतीची वेळ आणि तिथी स्वतःच्या अक्षरात नोंदवूनच सही करा.

उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात त्याचे शुल्क १० रुपये आहे, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. इथे नवखे लोक ‘कारवाई का केली नाही’ असे विचारतात. कारणे या कायद्याने मिळत नाहीत, कागद मिळतात. त्यामुळे ‘अमुक तारखेच्या अर्जावरील टिपणीची, पाहणी अहवालाची आणि भरावाला दिलेल्या परवानगीची प्रत द्यावी’ असे मागावे. परवानगीच नसेल तर ‘अशी नोंद उपलब्ध नाही’ असे लेखी उत्तर येते, आणि पुढच्या सुनावणीत त्या एका ओळीइतका चांगला पुरावा दुसरा नसतो.

राष्ट्रीय हरित लवादाचा पश्चिम विभागाचा न्यायपीठ पुण्यात आहे. तिथे मूळ अर्ज वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. कचेऱ्यांच्या उत्तरांची वाट पाहण्यात ही मुदत सरते आणि ते लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो. पहिल्या भरावाची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

६. आधी मासेमारी करणाऱ्यांना भेटा, मग रहिवाशांना

आपल्याकडे उलट होते. इमारतींतले लोक गट स्थापतात, फलक लावतात आणि जागेला कुंपण मागतात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे निवट्या, चिंबोऱ्या आणि कोळंबी धरणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांना मात्र कुंपण उभे राहिल्यावरच कळते. त्यांना पाण्याच्या वाटा ठाऊक असतात, मासळी कोणत्या वर्षापासून घटली हे ते सांगू शकतात, आणि त्यांचे लेखी जबाब सुनावणीत आमच्या छायाचित्रांहून अधिक वजनदार ठरले आहेत. वाट मोकळी ठेवण्याची मागणी दोघांची मिळून करावी, आणि पाग टाकण्याचा त्यांचा हक्क अर्जात स्पष्ट लिहावा.

सोसायटीच्या सभेत पक्ष्यांपासून सुरुवात करू नका. डासांपासून करा. पाणी भरतीने हलते राहिले की त्यात लहान मासे राहतात आणि डासांच्या अळ्या टिकत नाहीत, हे पटले की निम्मा विरोध गळून पडतो. मागच्या भिंतीवरचे प्रखर दिवे खाली वळवणे आणि उरलेले अन्न पाणथळीजवळ न टाकणे, कारण त्यावर भटकी कुत्री जमतात, या दोन गोष्टी सोसायटी स्वतः करू शकते. महापालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोकजैवविविधता नोंदवहीत जागेची नोंद करण्याची मागणीही याच टप्प्यावर करावी.

७. चांगल्या हेतूने होणारे नुकसान टाळा

वृक्षारोपणाचा उत्साह सर्वांत घातक. उघड्या चिखलपट्ट्यावर खारफुटीची रोपे लावली, तर चिखलात चोच घालून खाणाऱ्या पक्ष्यांचे ताट झाकले जाते. चिखल ही रिकामी जागा नाही, हे पाहुण्या स्वयंसेवकांना दर वेळी नव्याने सांगावे लागते. दुसरा धोका सुशोभीकरणाचा: दगडी काठ, चालण्याची पायवाट, कारंजे, नौकाविहार. मंजूर निधीचा फलक पाहून लोक खूश होतात. पण उतरता काठ उभा झाला की वंचकाला उभे राहायला जागा उरत नाही. तिसरा धोका गाळ काढण्याचा. गाळ पाण्याच्या तोंडातून काढायचा असतो, तळ्याच्या पोटातून नव्हे. तळे खोल केले तर रोहितांचे पाय तळाला टेकत नाहीत आणि ते दुसरीकडे जातात. म्हणून तुमच्या मागणीत ‘तळ्याची स्वच्छता’ असा मोघम शब्द कधीही वापरू नका.

८. कायमच्या दर्जाची मागणी करा

एक भराव थांबला म्हणून जागा सुरक्षित होत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शासनाच्या मालकीच्या जमिनीवर संवर्धन राखीव आणि खाजगी किंवा सामूहिक जमिनीवर समुदाय राखीव घोषित करता येते. नेरुळच्या सुमारे ३० एकरांच्या डीपीएस तलावाला रोहितांसाठी असा दर्जा देण्याच्या प्रस्तावास राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. आपल्या अर्जात हे उदाहरण द्यावे. प्रस्तावात पाण्याच्या तोंडांची देखभाल कोणत्या खात्याने आणि वर्षातून किती वेळा करायची, हे कलम लिहून घ्यावे. ते नसेल तर दर्जा असलेले तळेही आटू शकते.

आमच्या तीन नळांपैकी दुसरा गेल्या वर्षी मे महिन्यात साफ झाला आणि पुढच्याच उधाणाला बांबूवर दोन वीत अधिक पाणी चढले. तिसऱ्याच्या दुरुस्तीचा प्रस्ताव अजून कचेरीतच आहे. पुढची पाहणी पौर्णिमेला, दुपारी साडेअकरा वाजता ठरली आहे. सुके गवत आणायचे काम काकांनी स्वतःकडे घेतले आहे.